टू-स्ट्रोक इंजिनातलं स्कॅव्हेंजिंग: धूर बाहेर, ताजी हवा आत, आणि हातात वेळ तीन मिलिसेकंद

इंजिनात इंधन जळतं, दाब तयार होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पण जळून झाल्यावर सिलिंडरभर जो धूर उरतो त्याचं काय होतं, याकडे फारसं कोणी बघत नाही. तो धूर बाहेर काढून त्याच जागी ताजी हवा किंवा हवा-पेट्रोलचं मिश्रण भरण्याच्या कामाला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. फोर-स्ट्रोक इंजिनात या कामासाठी पिस्टनच्या दोन अख्ख्या फेऱ्या राखून ठेवलेल्या असतात. धूर ढकलायला एक फेरी, ताजं मिश्रण ओढायला दुसरी. टू-स्ट्रोकमध्ये अशी चैन नाही. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट व्हायचा असतो, त्यामुळे जुनं काढणं आणि नवं भरणं ही दोन्ही कामं पिस्टन तळाशी असताना, त्या थोडक्या वेळात, एकाच वेळी उरकावी लागतात.

टू-स्ट्रोकची ताकद, त्याची पेट्रोलची भूक, त्याचा धूर, आयडलिंगची अडखळ आणि त्याची निम्मी दुखणी या एका कामाशी बांधलेली आहेत. करवत, गवत कापायचं यंत्र, जुनी मोटरसायकल, बोटीचं इंजिन यांपैकी काहीही दुरुस्त करायचं असेल तर आधी हे समजून घ्यावं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात नंतर लावावा.

तळाशी नेमकं काय घडतं

साध्या टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या कापलेल्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना या खिडक्या झाकतो आणि उघडतो. धूर बाहेर जातो तो एक्झॉस्ट पोर्ट, आणि खालच्या क्रँककेसमधून, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीतून, ताजं मिश्रण वर येतं ते ट्रान्स्फर पोर्ट. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड ट्रान्स्फरपेक्षा थोडी उंच असते, म्हणून खाली येणारा पिस्टन एक्झॉस्ट आधी उघडतो.

साधारण वापरातलं एक इंजिन घेऊ. पिस्टन सर्वांत वर असताना क्रँकचा कोन शून्य धरला, तर एक्झॉस्ट पोर्ट १०० अंशांच्या आसपास उघडतो आणि ट्रान्स्फर पोर्ट १२० अंशांच्या आसपास. मधल्या या २० अंशांना ब्लोडाउन म्हणतात. एक्झॉस्ट उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून काही बार दाब शिल्लक असतो. धुराचा मोठा भाग या दाबाच्या जोरावर आपोआप बाहेर पडतो. दाब क्रँककेसमधल्या दाबापेक्षा खाली आला की मग ट्रान्स्फर उघडणं फायद्याचं.

क्रँककेसमध्ये दाब कुठून येतो? पिस्टन खाली येताना त्याच्या खालच्या बाजूची जागा कमी होते आणि तिथलं मिश्रण दाबलं जातं. हा दाब फार नसतो, वातावरणापेक्षा जेमतेम ०.२ ते ०.५ बार जास्त. एवढ्याशा रेट्यावर सगळं काम चालतं. ट्रान्स्फर उघडला की मिश्रण वर उसळतं, उरलेल्या धुराला एक्झॉस्टकडे ढकलतं. पिस्टन तळ गाठून परत वर निघतो, आधी ट्रान्स्फर बंद होतो, मग एक्झॉस्ट.

आता वेळेचा हिशेब. ट्रान्स्फर १२० अंशांना उघडून २४० ला बंद होतो, म्हणजे एकूण १२० अंश उघडा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर एक फेरा १० मिलिसेकंदांचा. त्यातला एक तृतीयांश म्हणजे सव्वातीन मिलिसेकंदांच्या आसपास. ब्लोडाउनचे २० अंश तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या किंचित वर. दहा हजार फेऱ्यांना ट्रान्स्फरच्या वाट्याला फक्त २ मिलिसेकंद उरतात.

या क्रमात एक अडचण मुळातच आहे. ट्रान्स्फर उघडा असतो तो सगळा वेळ एक्झॉस्टही उघडाच असतो. आत आलेलं ताजं मिश्रण तसंच बाहेरही जाऊ शकतं. शिवाय ट्रान्स्फर बंद झाल्यावरही एक्झॉस्ट आणखी २० अंश उघडा राहतो, आणि वर चढणारा पिस्टन हातातोंडाशी आलेला माल बाहेर ढकलायला लागतो.

किती घातलं आणि किती उरलं

तांब्यात गढूळ पाणी आहे आणि तो उलटा न करता, नुसतं वरून स्वच्छ पाणी ओतून बदलायचं आहे. एकदम सावकाश आणि नेमकं ओतलं तर गढूळ पाणी काठावरून निघून जाईल आणि तांब्याभर स्वच्छ पाणी लागेल. प्रत्यक्षात दोन्ही मिसळतं, आणि काही स्वच्छ पाणी काठावरूनच वाहून जातं. सिलिंडरमध्येही याच तीन गोष्टी घडतात: धूर ढकलला जाणं, धूर आणि ताजं मिश्रण एकमेकांत मिसळणं, आणि ताजं मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून निसटणं. या तिसऱ्याला शॉर्ट सर्किट म्हणतात.

मिसळण्याचा हिशेब बर्ट्रम हॉपकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १९१४ मध्ये मांडला. आत येणारं मिश्रण लगेच पूर्णपणे धुरात मिसळतं आणि त्या मिसळलेल्या वायूतला वाटा बाहेर जातो, असं त्याने धरलं. प्रत्यक्ष इंजिनं यापेक्षा थोडी बरी किंवा थोडी वाईट असतात, पण अंदाजासाठी हे गणित आजही उत्तम आहे.

१०० सीसीचं सिलिंडर धरू. पूर्ण थ्रॉटलला क्रँककेसने ७० सीसी ताजं मिश्रण पाठवलं. हॉपकिन्सनच्या गणिताने त्यातलं सुमारे ५० सीसी आत उरतं आणि २० सीसी बाहेर जातं. म्हणजे स्फोटाच्या वेळी सिलिंडरमध्ये निम्मा जुना धूर आहे आणि पाठवलेल्या मालापैकी २८ टक्के न जळता सायलेन्सरमध्ये गेलाय. बरं, जोर लावून ७० ऐवजी पूर्ण १०० सीसी पाठवलं तर? आत ६३ उरतात, ३७ वाया जातात. तीस सीसी जास्त घातले, त्यातले तेराच कामाला आले. नुसतं जास्त भरून भागत नाही, ते इथे उघड होतं. आत आलेला प्रवाह कुठून कुठे फिरतो हे जमवलं तरच इंजिन सुधारतं.

कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला पेट्रोल जास्त लागतं आणि त्याच्या धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, त्याचं मुख्य कारण हे. लोक कार्ब्युरेटरला दोष देतात. पण बाहेर जाणारं ते पेट्रोल व्यवस्थित मोजून, व्यवस्थित मिसळून आत आलेलं असतं. त्याला आत थांबायला मिळालं नाही, एवढंच.

आयडलिंगला इंजिन का अडखळतं

याच गणिताने एक जुनं कोडं सुटतं. टू-स्ट्रोक आयडलिंगला सरळ चालत नाही. एक ठोका, मग नुसतं फिरणं, पुन्हा ठोका. ऐकणाऱ्याला वाटतं प्लग मिसिंग करतोय.

थ्रॉटल जवळपास बंद असताना १०० सीसीच्या सिलिंडरला समजा २० सीसीच मिश्रण मिळतंय. स्फोटानंतर सिलिंडर धुराने भरलेलं आहे. त्यात २० सीसी आलं, की आतलं ताजं मिश्रण होतं सुमारे १८ टक्के. बाकी ८२ टक्के धूर. प्लगने ठिणगी टाकली तरी हे पेट घेत नाही. पण न पेटल्याचा एक फायदा होतो: नवा धूर तयार झाला नाही. पुढच्या फेऱ्याला आणखी २० सीसी येतं आणि ताजा भाग ३३ टक्क्यांवर जातो. तिसऱ्या फेऱ्याला ४५, चौथ्याला ५५. कुठेतरी तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला मिश्रण पेट घेण्याइतकं स्वच्छ होतं, ठोका पडतो, सिलिंडर पुन्हा धुराने भरतं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू.

म्हणून चांगल्या स्थितीतल्या टू-स्ट्रोकची आयडलिंगची अडखळ घालवण्यासाठी प्लग, कॉइल बदलत बसू नये. थ्रॉटल थोडा उघडला की ती जात असेल तर इंजिन ठीक आहे. थ्रॉटल उघडूनही जात नसेल तर मात्र मिश्रण फार गडद (पेट्रोल जास्त असलेलं) आहे का, किंवा सायलेन्सर तुंबला आहे का हे बघावं. करवतीत पूर्ण थ्रॉटलला, भार नसताना असाच फुटका आवाज येणं आणि लाकडात घातल्यावर तो साफ होणं हे कार्ब्युरेटरचा हाय-स्पीड स्क्रू नीट लावल्याचं लक्षण समजतात. तिथे कारण वेगळं असतं, मुद्दाम किंचित गडद ठेवलेलं मिश्रण. ते इंजिनाला वाचवतं.

प्रवाहाला वळण लावायच्या तीन पद्धती

डगल्ड क्लर्कने १८७८ मध्ये तयार केलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजं मिश्रण ढकलायला वेगळं सिलिंडर होतं. १८९१ मध्ये जोसेफ डेने क्रँककेसच पंप म्हणून वापरायची कल्पना आणली आणि इंजिन एकदम सुटसुटीत झालं. पण एक्झॉस्ट एका बाजूला आणि ट्रान्स्फर अगदी समोर, अशी रचना असल्याने मिश्रण या खिडकीतून त्या खिडकीत सरळ जायला बघायचं. त्यावर उपाय म्हणून पिस्टनच्या माथ्यावर एक उंच कड ठेवली. तिच्यावर आपटून प्रवाह वर जातो, हेडला वळसा घालून एक्झॉस्टकडे उतरतो. ही क्रॉस पद्धत. कमी थ्रॉटलला ती चांगली चालते, सिलिंडर बनवायला स्वस्त पडतं, आणि बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांत ती कित्येक दशकं टिकली. तिची खोट त्या कडेतच आहे. पिस्टन जड होतो, कड तापते, आणि ज्वलनाच्या जागेचा आकार वेडावाकडा होतो.

१९२० च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ श्न्यूर्ले याने ती कडच काढून टाकली. ट्रान्स्फर पोर्ट एक्झॉस्टच्या दोन्ही बाजूंना ठेवले आणि त्यांची तोंडं एक्झॉस्टपासून दूर, मागच्या भिंतीकडे वळवली. दोन्ही बाजूंचे प्रवाह मागच्या भिंतीजवळ भेटतात, एकमेकांना टेकून वर चढतात, हेडखाली वळतात आणि धूर पुढे घालत एक्झॉस्टच्या बाजूने खाली येतात. ही लूप पद्धत. पिस्टन जवळपास सपाट राहतो. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीने ती मोटरसायकलींत घेतली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली.

लूपचं सगळं यश दोन्ही बाजूंच्या सारखेपणावर अवलंबून आहे. एका बाजूचा पोर्ट किंचित मोठा, किंवा गॅसकेटची कड आत आलेली, किंवा तोंडाशी कार्बन साचलेला असेल, तर ते दोन प्रवाह मध्यावर भेटत नाहीत. जोरदार प्रवाह दुसऱ्याला ढकलून एका कडेने वर जातो आणि उरलेल्या बाजूला धुराचा गोळा तसाच राहतो. जर्मन प्राध्यापक आल्फ्रेड यांटे हे तपासायला हेड काढायचे, ट्रान्स्फरमधून हवा सोडायचे आणि सिलिंडरच्या तोंडावर वेग मोजणाऱ्या बारीक नळ्यांची रांग धरून कुठे हवा वर येते नि कुठे खाली जाते याचा नकाशा काढायचे. चांगल्या इंजिनात वर येणारा प्रवाह मागच्या अर्ध्या भागात, दोन्हीकडे सारखा पसरलेला दिसतो. मधोमध जिभेसारखा पुढे घुसलेला दिसला तर मिश्रण लवकर एक्झॉस्टकडे पळतं.

एवढी साधनं नसली तरी पिस्टनचा माथा बरंच सांगतो. काही तास चाललेल्या इंजिनाचं हेड काढून उजेडात बघा. ट्रान्स्फर पोर्टांच्या समोर माथ्यावर धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे असतात, कारण तिथे थंड, ओलसर मिश्रण दर फेऱ्याला आपटतं. बाकीचा माथा तपकिरी-काळा. डावा आणि उजवा पट्टा आकाराने जवळपास सारखे हवेत. एक ठळक आणि दुसरा पुसट असेल तर पुसट बाजूचा पोर्ट आणि त्याच्याखालचा गॅसकेट तपासायलाच हवा. दोन्ही पट्टे नाहीसे होऊन माथा एकसारखा गडद झाला असेल तर मिश्रण फिकं पडत असल्याची, म्हणजे त्यात पेट्रोल कमी असल्याची शंका घ्यावी. आणि ट्रान्स्फरच्या वाटेत आतपर्यंत काजळी दिसली, तर धूर उलटा खाली शिरतोय. म्हणजे ट्रान्स्फर उघडेपर्यंत सिलिंडरचा दाब उतरलेला नसतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे तुंबलेला एक्झॉस्ट असतो.

तिसरी पद्धत युनिफ्लो. तळाशी पोर्टांतून हवा आत येते आणि वर हेडमधल्या व्हॉल्व्हमधून धूर बाहेर जातो. प्रवाहाला वळायची गरजच नाही, म्हणून मिसळणं सर्वांत कमी. व्हॉल्व्ह आणि तो चालवायची यंत्रणा यामुळे छोट्या इंजिनाला ती परवडत नाही. जहाजांच्या इंजिनात तिचंच राज्य आहे, त्याकडे पुढे येऊ.

पाइपही इंजिनाचाच भाग आहे

एक्झॉस्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपमध्ये निघते. पाइप पुढे रुंद होत गेला तर तिथून उणा दाब परत येतो आणि सिलिंडरमधला धूर ओढतो. पुढे पाइप पुन्हा अरुंद झाला तर तिथून दाबाची लाट उलटी फिरते. ही उलटी लाट एक्झॉस्ट बंद व्हायच्या जरा आधी पोचली तर बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण ती परत सिलिंडरमध्ये कोंबते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात या पोटफुगीर पाइपचं तंत्र पक्कं केलं. १९६१ मध्ये त्यांच्या १२५ सीसी रेसिंग इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे २००.

लांबी कशी ठरते ते बघा. इंजिन ८००० फेऱ्यांवर, एक्झॉस्ट १८० अंश उघडा. एक फेरा ७.५ मिलिसेकंद, म्हणून एक्झॉस्ट ३.७५ मिलिसेकंद उघडा. गरम धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, म्हणजे एवढ्या वेळात जाऊन-येऊन १.९ मीटरच्या आसपास. अर्थात लाट परतवणारी जागा पोर्टपासून ९० सेंटिमीटरच्या सुमारास हवी. फेरे कमी-जास्त झाले की हा मेळ बिघडतो, म्हणून असं इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच खुलतं.

यावरून एक आग्रहाचं सांगणं. सायलेन्सरच्या आतली जाळी, नळी किंवा अडथळा काढून टाकला की धूर मोकळा होऊन ताकद वाढेल, हा समज अशा पाइपच्या टू-स्ट्रोकपुरता चुकीचा आहे. परत येणारी लाट गेली की निसटलेलं मिश्रण परत येत नाही. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त जातं, ओढ कमी होते, आणि मिश्रणाचं प्रमाण सरकल्याने पिस्टन धरायची, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये जाम व्हायची भीती वाढते. पोर्टची वरची कड घासून उंच करणंही तसंच: वरच्या फेऱ्यांना जे मिळतं ते खालच्या फेऱ्यांची ओढ विकून.

बिघाड: कुठे बघायचं, कसं बघायचं

इंजिन चालू होतं, आयडलिंगला ठीक, पण थ्रॉटल दिला की दमतं आणि फेरे घेत नाही. अशा वेळी पहिली तपासणी एक्झॉस्टची. टू-स्ट्रोकमध्ये तेल जळतं, त्याचा कार्बन एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला आणि सायलेन्सरमध्ये बसतो. करवत आणि गवत कापायच्या यंत्रांच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते, ती तुंबली तर बाकी सगळं ठीक असूनही यंत्र मरतं. जाळी काढून ताराच्या ब्रशने साफ करावी, फाटली असेल तर नवी घालावी.

पोर्टमधला कार्बन काढायला सायलेन्सर उतरवा, प्लग काढा, आणि पिस्टन वर आणा, म्हणजे त्याची भिंत पोर्ट झाकेल आणि कण आत पडणार नाहीत. खरवडायला लाकडाची किंवा मऊ प्लास्टिकची पट्टी घ्या. स्क्रूड्रायव्हर घेतला तर पिस्टनवर ओरखडा पडतो, आणि तो ओरखडा पुढे रिंगच्या जागेपर्यंत दाब गळवतो. काम झाल्यावर आधी फुंकून कण बाहेर काढा, मगच इंजिन फिरवा.

दुसरी आणि जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे क्रँककेसची गळती. इथलं ०.२-०.५ बारचं पंपिंग म्हणजे स्कॅव्हेंजिंगचा सगळा जोर. क्रँकच्या टोकाचं ऑइल सील गळलं तर पिस्टन वर जाताना तिथून फुकटची हवा आत येते, मिश्रण फिकं होतं, तापमान वाढतं. लक्षणं ठरलेली: आयडलिंग आपोआप चढतं, थ्रॉटल सोडल्यावर फेरे उतरायला वेळ लागतो, स्क्रू फिरवून आज जमवलं तर उद्या पुन्हा बिघडतं. असं इंजिन चालवत राहिलं तर पिस्टन धरतो. मोटरसायकलीत गिअरच्या बाजूचं सील गेलं तर हवेऐवजी गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं. दाट पांढरा धूर न थांबणं आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाणं, ही दोन्ही एकदम दिसली की दुसरं काही शोधायची गरज नाही.

तपासणी अंदाजावर सोडू नये. एक्झॉस्टच्या तोंडावर रबराचा तुकडा ठेवून सायलेन्सर किंवा पट्टी घट्ट बसवा. इनटेकही तसाच बंद करा. प्लगच्या भोकातून किंवा क्रँककेसच्या पल्स नळीतून हातपंपाने सुमारे ०.४ बार दाब भरा. पिस्टन तळाशी ठेवा, म्हणजे ट्रान्स्फर उघडे राहून वरचं-खालचं सगळं एकदम तपासलं जाईल. काटा पाच मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर सील, सिलिंडरखालचा गॅसकेट, क्रँककेसचा जोड, इनटेकचं रबर यांवर साबणाचं पाणी लावा, फुगे जागा सांगतील. मग तेवढाच उणा दाब, म्हणजे व्हॅक्यूम देऊन पुन्हा बघा. सीलचं ओठ दाबाने शाफ्टवर घट्ट बसतं आणि व्हॅक्यूमने सुटतं, त्यामुळे दाबाच्या चाचणीत पास झालेलं सील व्हॅक्यूममध्ये नापास होऊ शकतं. बरेच जण दुसरी चाचणी करत नाहीत आणि नवा पिस्टनही महिनाभरात गमावतात.

तिसरं, रीड व्हॉल्व्ह. काही इंजिनांत कार्ब्युरेटर आणि क्रँककेसच्या मध्ये हा असतो, मिश्रण आत येऊ देतो आणि परत जाऊ देत नाही. पातळ पाकळ्यांची टोकं उजेडासमोर धरून बघा. मिटलेल्या पाकळीखालून उजेडाची बारीक रेघ चालते, पण टोक तुटलेलं किंवा वर वळलेलं चालत नाही. अशा पाकळीमुळे पिस्टन खाली येताना मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत थुंकलं जातं आणि ट्रान्स्फरला जोर उरत नाही. एअर फिल्टर आतून पेट्रोल-तेलाने ओला होत असेल तर हे आधी तपासा.

जोडणीतली एक चूक महाग पडते. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असतो. पिस्टन उलटा बसला तर रिंगची फट भिंतीच्या अखंड भागाऐवजी पोर्टसमोर येऊ शकते. रिंगचं टोक खिडकीत बाहेर येतं, कडेला अडकतं आणि तुटतं, सोबत सिलिंडरही जातं. गॅसकेट बसवताना तो ट्रान्स्फरच्या तोंडावर आत येत नाही ना, हे सिलिंडर टेकवण्याआधी बोटाने चाचपून घ्यावं.

नव्या करवतींमध्ये शॉर्ट सर्किट कमी करायला आधी नुसती हवा सोडतात. पिस्टनमधल्या खाचांतून स्वच्छ हवा ट्रान्स्फरच्या वाटेत भरून ठेवली जाते, आणि पोर्ट उघडला की पुढे ती हवा जाते, मागून मिश्रण. निसटायचंच असेल तर हवा निसटते. अशा यंत्रात हवेची वेगळी वाट आणि तिचा पडदा असतो, आणि तिथली गळती साध्या इंजिनासारखी शोधून सापडत नाही. पोर्ट बंद झाल्यावर सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारी इंजिनं हेच काम आणखी चोख करतात.

जहाजाच्या इंजिनात

मोठ्या जहाजाचं मुख्य इंजिन बहुधा टू-स्ट्रोक डिझेल असतं. व्हार्टसिला-सुल्झरच्या आरटीए९६सी इंजिनाच्या एका सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास २५०० मिलिमीटर. पिस्टन मिनिटाला सुमारे १०२ फेऱ्यांनी चालतो, त्यामुळे तळाचे पोर्ट सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उघडे राहतात. करवतीच्या मानाने हा भरपूर वेळ. पण इतक्या लांब सिलिंडरमध्ये लूप चालत नाही. प्रवाह वरपर्यंत जाऊन परत येईपर्यंत मिसळून जातो. प्रवास लांबत गेला तसं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुल्झरनेही लूप सोडून युनिफ्लो घेतली.

इथे हवा टर्बोचार्जर पुरवतो. दाबल्याने ती दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापते, म्हणून कूलरमधून थंड करून पिस्टनखालच्या स्कॅव्हेंज बॉक्समध्ये येते. कूलरनंतर पाण्याचे थेंब पकडणारी जाळी असते. ती निकामी झाली तर थेंब सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतात आणि रिंगा झपाट्याने झिजतात. कमी भाराला टर्बोचार्जर पुरेशी हवा देत नाही, तेव्हा विजेचे सहायक ब्लोअर चालू होतात. पोर्ट तिरके कापलेले असल्याने हवा गोल फिरत वर चढते आणि धूर एकसंध वर सरकतो.

पोर्ट आणि व्हॉल्व्ह बंद झाल्यावर डिझेल फवारलं जातं. म्हणून इथे जास्तीची हवा निसटली तरी इंधन जात नाही, उलट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गार राहतो. पेट्रोलच्या छोट्या इंजिनाची मूळ अडचण इथे उरतच नाही.

जागा मात्र दुसरा धोका घेऊन येते. झिजलेल्या रिंगांतून गळणारा जळता वायू, न जळलेलं इंधन आणि सिलिंडरचं जास्तीचं तेल स्कॅव्हेंज बॉक्समध्ये साचतं. एखादी ठिणगी पोचली की तिथे आग लागते. त्या सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान चढतं, बॉक्सचं तापमान चढतं, टर्बोचार्जर धडधडायला लागतो, बॉक्सच्या बाहेरचा रंग फुगतो. अशा वेळी ब्रिजला कळवून इंजिन अगदी हळू करायचं, त्या सिलिंडरचं इंधन तोडायचं, त्याचं तेल वाढवायचं, ड्रेन बंद करायचे, पिस्टनचं कूलिंग चालू ठेवायचं आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हसमोर कोणी उभं राहायचं नाही. आग विझत नसेल तर इंजिन थांबवून, ब्लोअर बंद करून, बसवलेल्या यंत्रणेतून कार्बन डायऑक्साइड किंवा वाफ सोडतात. थांबवलेलं इंजिन टर्निंग गिअरने हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर तापलेला पिस्टन सिलिंडरला चिकटतो.

आग विझली म्हणून लगेच दार उघडायचं नाही. गरम तेलाच्या वाफेला ताजी हवा मिळाली तर स्फोट होतो. बॉक्स पूर्ण गार झाल्यावर उघडतात, आत हवा खेळवून ऑक्सिजन मोजतात, आणि मग तेलाचा गाळ साफ करून पिस्टन रॉडचा स्टफिंग बॉक्स (रॉडभोवतीची गळती अडवणारा भाग), इंजिनाचे भाग आवळून धरणाऱ्या टाय बोल्टचा ताण आणि रिंगा तपासतात. रिंगा पोर्टमधूनच दिसतात: स्टार्टिंग एअर बंद, सिलिंडरचा दाब सोडणारे इंडिकेटर कॉक उघडे, टर्निंग गिअर लावलेला, आणि लाकडी काठीने रिंग दाबून बघायची. दाबली की आत जाते आणि सोडली की उसळून बाहेर येते ती जिवंत. दाबून हलतच नाही ती खाचेत चिकटलेली, आणि दाबल्यावर परत येत नाही ती तुटलेली.